रोलर कॅम टाकताय? मग डिस्ट्रिब्युटरचा गिअर आधी बघा

जुन्या अमेरिकन व्ही-८ इंजिनात रोलर कॅम, म्हणजे ज्याच्यावर चाकं लावलेले लिफ्टर फिरतात असा कॅमशाफ्ट, टाकायचा म्हटलं की लोक लिफ्टर (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह उचलणारे भाग), पुशरॉड, स्प्रिंग सगळ्याचा विचार करतात, आणि डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना स्पार्क वाटणारा भाग, मात्र जुनाच, जसाच्या तसा परत खाली सोडतात. त्याच्या खालच्या टोकाला जो छोटा गिअर असतो तो कॅमवरच्या गिअरशी जमला नाही तर थोड्याच दिवसात दात सुरीच्या पात्यासारखे धारदार होतात, टायमिंग, म्हणजे स्पार्कची वेळ, मागे सरकतं, लोखंडाचा चुरा ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जातो, आणि दातच गेले तर इंजिन बंद. बऱ्याच इंजिनांमध्ये ऑइल पंपही याच गिअरवर फिरतो, त्यामुळे विषय नुसत्या स्पार्कचा नाही.

कारण साधं आहे. हे दोन गिअर एकमेकांना काटकोनात बसतात आणि तिरके दात एकमेकांवर सरकत फिरतात, टेकतात ते अगदी छोट्या जागेवर, म्हणजे दाब प्रचंड. अशा ठिकाणी दोन्हीकडचा धातू एकमेकाला मानवणारा लागतो. जुना फ्लॅट टॅपेट कॅम, म्हणजे सपाट तळाच्या लिफ्टरचा, कास्ट आयर्नचा (ओतीव लोखंडाचा), त्याच्यासोबत कास्ट आयर्नचा गिअर वर्षानुवर्षं चालतो. रोलर कॅम बहुतेक स्टीलचा, आणि स्टीलवर साधा कास्ट आयर्न गिअर लावला की तो खरवडला जातो.

पण "रोलर आहे ना, मग ब्राँझ लाव" हा जो सल्ला सर्रास मिळतो तो मला पटत नाही. रोलर हा लिफ्टरचा प्रकार झाला, कॅम कशाचा बनलाय ते त्यातून कळत नाही. काही रोलर कॅम बिलेट स्टीलचे, म्हणजे अखंड स्टीलमधून कापलेले असतात, काही ऑस्टेम्पर्ड डक्टाइल आयर्नचे, म्हणजे उष्णता देऊन चिवट केलेल्या ओतीव लोखंडाचे, आणि काही बिलेटवर मागचा गिअर कास्ट आयर्नचा वेगळा प्रेस करून बसवलेला असतो, त्याला साधा गिअर मस्त चालतो. म्हणून आधी कॅमसोबत आलेलं कार्ड वाचा, त्यात गिअरबद्दल लिहिलेलं नसेल तर कॅम बनवणाऱ्याला सरळ विचारा. कार्डच नसेल तर दोन लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्यांच्या) मधली जागा बघा, खडबडीत आणि साच्याची रेघ दिसत असेल तर कास्टिंग, मशीन केलेली गुळगुळीत असेल तर बहुधा बिलेट. हा फक्त अंदाज हं, त्यावर गिअर विकत घेऊ नका.

आता गिअर कुठला. मेलोनाइझ्ड म्हणजे नायट्राइड करून वरचा थर कडक केलेला गिअर, जीएम (जनरल मोटर्स, शेवरलेटची मूळ कंपनी) स्वतःच्या फॅक्टरी रोलर इंजिनांसाठी हाच वापरायची, स्मॉल ब्लॉक शेवरलेटमध्ये फॅक्टरी रोलर १९८७ पासून आला. फोर्डच्या ५.० एचओ या ५ लिटरच्या जास्त ताकदीच्या इंजिनाला रोलर कॅम १९८५ मध्ये मिळाला आणि तिथे स्टीलचा गिअर असतो, म्हणून फोर्डच्या जुन्या २८९ किंवा ३०२ इंजिनात असा फॅक्टरी कॅम टाकला तर स्टीलचाच गिअर घ्या. ब्राँझ जवळजवळ कुठल्याही कॅमवर चालतो कारण तो स्वतः झिजतो आणि कॅमला वाचवतो, पण म्हणजे तो झिजणारच, रेससाठी ठीक, रोजच्या गाडीत मधूनमधून काढून बघायची तयारी असेल तरच. पॉलिमरचे कंपोझिट गिअरही मिळतात, बहुतेक कॅमला चालतात, पण महाग. मी असतो तर रोज चालणाऱ्या गाडीला कॅमवाल्याने सांगितलेला लोखंडी किंवा स्टीलचाच घेतला असता.

घेताना शाफ्टची जाडी मोजा, डोळ्याने ठरवू नका. शेवरलेटमध्ये ०.४९१ आणि ०.५०० इंच असे दोन्ही चालतात, फोर्डमध्ये ०.४६८ आणि ०.५३१. मोपारच्या (क्रायस्लरच्या) स्मॉल ब्लॉकवाल्यांचं प्रकरण वेगळं, तिथे डिस्ट्रिब्युटरवर गिअरच नसतो, तो मधल्या शाफ्टवर असतो आणि ऑइल पंपही तोच फिरवतो, त्यामुळे बदलायचा तर तो शाफ्ट.

जुना गिअर काढायच्या आधी तो शाफ्टवर किती उंचीवर बसलाय ते मोजून लिहून ठेवा, मग पिन ठोकून काढा आणि पुलरने ओढा. फोर्डसाठी काही नव्या गिअरला पिनचं भोक नसतं, उंची बरोबर लावून मग पाडायचं, इथे घाई केली की सगळं वाया. शेवरलेटच्या गिअरला एक छोटा खड्डा असतो, तो रोटरच्या (डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरणाऱ्या भागाच्या) टोकाच्या बाजूला आला पाहिजे, कारण दात तेरा, विषम, त्यामुळे उलटा बसवला तर रोटर अर्ध्या दाताने चुकतो आणि माणूस टायमिंग शोधत बसतो.

आता खरी तपासणी. दातांना मार्कर फासा, डिस्ट्रिब्युटर बसवून क्लँप लावा, क्रँक हाताने चालायच्या दिशेने दोन-चार फेरे फिरवा आणि काढून बघा. शाई दाताच्या मधोमध पुसली गेली पाहिजे. एका कडेलाच पुसली असेल तर गिअरची उंची चुकलीय. शेवरलेटमध्ये डिस्ट्रिब्युटर इनटेकवर बसतो, त्यामुळे हेड किंवा ब्लॉक घासलेला असेल तर इनटेक खाली बसतो, सोबत डिस्ट्रिब्युटरही, आणि गिअर ब्लॉकवर टेकतो, तेव्हा शिम (पातळ चकती) किंवा सरकता कॉलर लावा. बसताना डिस्ट्रिब्युटर शेवटचं थोडं खाली जात नसेल तर क्लँपच्या बोल्टने ओढून बसवू नका, ऑइल पंपचा शाफ्ट जुळला नसतो, तो लांब स्क्रूड्रायव्हरने थोडा फिरवा.

अजून एक गोष्ट लोक विसरतात, कॅमचं पुढेमागे सरकणं. फ्लॅट टॅपेटच्या लोबला हलका उतार असतो, त्यामुळे कॅम मागे दाबलेला राहतो, रोलरला तो नसतो. कॅम पुढेमागे झाला की तिरके दात डिस्ट्रिब्युटरलाच फिरवतात, टायमिंग लाइटखाली खूण नाचताना दिसते आणि लोक बिचाऱ्या डिस्ट्रिब्युटरला दोष देतात. फोर्डमध्ये कॅमला पुढेमागे धरणारी थ्रस्ट प्लेट असते, जुन्या शेवरलेट ब्लॉकमध्ये नसते, तिथे पुढे कॅम बटन (कॅमला पुढे सरकू न देणारा टेकू) लावून खेळ बरोबर सेट करा.

सुरू करताना दातांना कॅमची असेंब्ली पेस्ट भरपूर लावा, ऑइल पंप आधी ड्रिलने फिरवून ऑइल भरून घ्या (प्राइम करा), आणि गरज नसेल तर हाय व्हॉल्यूम पंप टाकू नका, थंड घट्ट ऑइल ढकलायचा सगळा भार याच दातांवर येतो. पाचेकशे मैल झाले की डिस्ट्रिब्युटर उचलून दात बघा, ऑइल फिल्टर कापून कागद उलगडा, सोनेरी चमक म्हणजे ब्राँझ, काळा चुरा चुंबकाला चिकटला तर लोखंड किंवा स्टील, आणि तो वाढत चाललाय असं दिसलं तर गाडी तिथेच उभी करा.