‘ब्योमकेश बक्षी’ ही मालिका कशी पाहावी

ब्योमकेश बक्षी या बंगाली गुप्तहेराच्या कथांवरील, बासू चटर्जी यांनी दिग्दर्शित केलेली ‘ब्योमकेश बक्षी’ ही हिंदी मालिका १९९३ मध्ये दूरदर्शनवर आली, १९९७ मध्ये तिचे पुढचे भाग दाखवले गेले आणि २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा प्रक्षेपित झाली. खासगी गुप्तहेराच्या आजच्या वेगवान मालिका पाहण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला ती सुरुवातीला संथ वाटते, कारण इथे पाठलाग आणि मारामारी फारशी नाही. खून बहुधा आधीच झालेला असतो आणि उरलेला वेळ माणसे खोलीत बसून बोलत असतात. ती बोलतात तेच या मालिकेचे खरे द्रव्य आहे. म्हणून ती हातातला फोन बाजूला ठेवून, कान देऊन पाहावी.

पहिल्या भागापासूनच सुरुवात करावी. प्रत्येक कथा स्वतंत्र असल्यामुळे कुठूनही पाहिले तरी चालेल असे वाटते, परंतु तसे केल्यास नात्यांची वाढ हातची जाते. ‘सत्यान्वेषी’ या पहिल्या कथेत ब्योमकेश कलकत्त्यातील एका मेसमध्ये, म्हणजे भाड्याने राहण्या-जेवण्याची सोय असलेल्या घरात, खोटे नाव घेऊन राहायला येतो आणि तिथेच त्याची पुढे सोबती होणाऱ्या अजितशी गाठ पडते. पुढे सत्यवतीच्या भावावर खुनाचा आळ आल्यामुळे ती ब्योमकेशच्या आयुष्यात येते आणि त्याची पत्नी होते. ब्योमकेश झालेले रजित कपूर, अजित झालेले के. के. रैना आणि सत्यवती झालेल्या आपल्या सुकन्या कुलकर्णी या तिघांमधील घरगुती मोकळेपणा पुढच्या भागांत इतका सहज वाटतो, तो या पहिल्या भेटी पाहिलेल्या असल्या तरच पुरता कळतो.

कोडे सोडवण्याची हौस असेल, तर ब्योमकेश उलगडा सांगू लागण्याआधी चित्र थांबवावे आणि आपला तर्क घरातल्यांसमोर स्पष्ट शब्दांत मांडावा. यासाठी ‘मकड़ी का रस’ आणि ‘सीमंत हीरा’ या कथा उत्तम आहेत. पहिलीत सतत पहारा असलेल्या एका वृद्धापर्यंत नशेचा पदार्थ पोहोचतो कसा, एवढाच प्रश्न आहे. दुसरीत हिरा एका घरातच आहे हे ठाऊक असून तो शोधायचा आहे. दोन्हींत उत्तर डोळ्यांसमोर असते. अशा वेळी अजितवर मात्र फार विसंबू नये. तो प्रामाणिक आहे, हुशारही आहे, परंतु त्याचे लक्ष जिथे जाते तिथेच आपलेही जावे अशी कथेची रचना असते. अजित बोलत असताना ब्योमकेश कोणाकडे किंवा कशाकडे पाहतो आहे, हे टिपावे. रजित कपूर यांचा अभिनय अतिशय संयत असल्यामुळे एखादा साधा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला गेला, तर तो महत्त्वाचा समजावा.

मराठी प्रेक्षकाने एक गोष्ट आधी समजून घेतली, तर अनेक कथांमागचे हेतू लगेच उमगतात. या कथांमध्ये मृत्युपत्राला फार मोठे स्थान आहे. महाराष्ट्रात हिंदू कुटुंबांना मिताक्षरा पद्धत लागू होती आणि तिच्यात वडिलोपार्जित मालमत्तेवर मुलाचा जन्मतःच हक्क असे. बंगालमध्ये दायभाग पद्धत होती. तिच्यात वडील हयात असेपर्यंत मुलाला असा हक्क नसे आणि वडिलांना मृत्युपत्राने मालमत्ता हव्या त्या माणसाला देता येई. त्यामुळे एखादा लहरी म्हातारा मृत्युपत्र बदलतो तेव्हा त्या घरातील प्रत्येकाच्या पायाखालची जमीन खरोखर सरकते. अशा कथेत कोणाला काय मिळणार होते आणि नव्या मृत्युपत्राने काय मिळणार आहे, हे कागदावर लिहून ठेवले तर गुंता बराच सुटतो.

निर्मितीतील उणिवांकडे दुर्लक्ष करावे. काही ठिकाणी नेपथ्य तोकडे आहे, प्रकाशयोजना साधी आहे. परंतु धोतर-कुर्त्यातील, चहा आणि सिगारेटच्या साथीने विचार करणारा हा माणूस त्या खोल्यांमध्ये पूर्ण खरा वाटतो. अमली पदार्थ आणि विवाहबाह्य संबंध काही कथांच्या मुळाशी असल्यामुळे लहान मुलांना दाखवण्यापूर्वी तो भाग मोठ्यांनी आधी पाहून घ्यावा. मोठ्या कथा एकाहून अधिक भागांत विभागल्या आहेत. त्या मात्र सलगच पाहाव्यात, कारण मधे आठवडा गेला की पात्रांची नावे आणि नाती विसरतात.

मालिका संपल्यावर बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या मूळ कथांकडे वळावे. त्यांनी पहिल्या कथा १९३२ ते १९३६ या काळात लिहिल्या, मग चित्रपटलेखनासाठी ते मुंबईला बॉम्बे टॉकीज या चित्रपटसंस्थेत आले आणि ब्योमकेश पंधरा वर्षे गप्प राहिला. १९५१ च्या सुमारास त्यांनी त्याला पुन्हा हाती घेतले आणि लवकरच ते पुण्यात स्थायिक झाले. शिवाजी महाराजांच्या काळातील सदाशिव नावाच्या चुणचुणीत मुलाच्या बंगाली कथाही त्यांच्याच. बंगाली येत नसेल तर अनुवाद वाचावेत, परंतु ज्या कथेचा भाग पाहायचा आहे ती आधी वाचू नये.