शरदात बाग दरवळायला हवी तर कात्री वेळेवर खाली ठेवा

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरतो, छान ऊन पडतं, आणि बरेच जण नेमके तेव्हाच बागेत उतरतात, पावसात माजलेलं सगळं छाटून टाकतात, भरपूर खत घालतात आणि मग ऑक्टोबरभर हिरवीगार पानं बघत बसतात, फूल एक नाही, वास तर लांबच. मी पण हे केलंय. एका वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पारिजातक फार पसरलाय म्हणून चांगला खांद्याएवढा छाटला आणि त्या पूर्ण सीझनमध्ये सकाळी झाडाखाली सडा सोडाच, मोजून पाच-सात फुलं सापडायची, फार वाईट वाटलं होतं. कारण अगदी साधं होतं, पारिजातकाच्या कळ्या पावसाळ्यात वाढलेल्या नव्या फुटीच्या शेंड्याला येतात आणि तीच फूट मी कापून टाकली होती. तेव्हापासून जुलै संपला की माझी कात्री फक्त वाळकं नि मोडकं काढायला बाहेर येते. एक-दोन झाडं याला अपवाद आहेत, ती पुढे सांगते.

खताचंही तसंच आहे. युरिया किंवा पातळ केलेलं शेणखत ऑगस्टनंतर घालत राहिलात तर झाड पानांच्या मागे लागतं. पण खत अजिबात बंदही करू नका कारण चार महिन्यांच्या पावसात कुंडीतलं बरंचसं खत खालच्या भोकातून वाहून गेलेलं असतं. त्यामुळे सप्टेंबरच्या मध्याला वरची दोन इंच माती हलक्या हाताने उकरा, पावसाच्या माऱ्याने ती दगडासारखी बसलेली असते, आणि त्यात दोन मुठी गांडूळखत, थोडं बोनमील (हाडांचा चुरा) आणि मूठभर लाकडाची राख मिसळून टाका, बास. कुंतीला, म्हणजे कामिनीला, मात्र राख घालू नका, तिला किंचित आंबट माती लागते आणि राखेने पानं पिवळी पडतात.

आता पारिजातकाबद्दल जरा सविस्तर, कारण शरदाचा वास म्हटलं की माझ्यासाठी तोच पहिला. जाई-मोगऱ्याच्याच कुळातला आहे हा, पण पान हातात घेतलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. कधीतरी अंधार पडताना टॉर्च घेऊन त्याच्याजवळ उभे राहा. कळी आधी पीळ दिलेल्या वातीसारखी दिसते, मग तो पीळ सैल व्हायला लागतो आणि पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एकाच बाजूला वळून उघडतात, पाच ते आठ पाकळ्या असतात, मध्ये तो केशरी ठिपका आणि खाली केशरी देठ. उजाडता उजाडता फूल गळून पडतं. म्हणजे सकाळी आपण जो वास घेतो तो उरलासुरला असतो, भरात असतो तो रात्री. म्हणून झाड लावायची जागा ठरवताना रात्री जेवणानंतर तुम्ही कुठे बसता हे आधी बघा आणि मग खड्डा खणा, लोक नेहमी कंपाऊंडच्या टोकाला लावतात आणि वास शेजारी जातो.

रोप बियांपासूनही होतं. चपटी, नाण्यासारखी गोल फळं असतात, ती तपकिरी होऊन वाळली की त्यात दोन बिया मिळतात, सेंटीमीटरभर खोल पेरायच्या आणि मग धीर धरायचा, उगवायलाच काही आठवडे जातात आणि फुलं यायला दोन-तीन वर्षं तरी. घाई असेल तर कलमी रोप आणा. कुंडीत लावायचं तर १६ ते १८ इंचाची घ्या, रोज निदान ५-६ तास ऊन हवं आणि निचरा उत्तम हवा, मुळाशी पाणी साचलं की पारिजातक रुसतोच. पावसाळ्यात यावर केसाळ सुरवंट येतात, पानाच्या मागच्या बाजूला आणि खोडावर गोळा होऊन बसलेले असतात, हात लावू नका, प्रचंड खाज सुटते, हातमोजे घालून ती फांदीच कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. (ही कापाकापी चालेल.) आणि फुलं संपल्यावर थंडीच्या अखेरीस पानगळ होऊन झाड भकास दिसायला लागलं तर ते मेलं असं समजून उपटू नका, तीच त्याची छाटणीची खरी वेळ, साधारण एक तृतीयांश उंची कमी करा आणि नवी फूट येईपर्यंत पाणी बेतानेच द्या.

ज्यांच्याकडे ऊन कमी आणि ओल जास्त आहे, म्हणजे मागच्या अंगणात नळाखाली किंवा एसीचं पाणी पडतं त्या कोपऱ्यात, त्यांनी डोळे मिटून सोनटक्का लावावा. हा आल्याच्या कुळातला, कंद पण आल्यासारखाच दिसतो. दोन-तीन इंच खोल, आडवा लावायचा, खोल कुंडीपेक्षा पसरट कुंडी बरी कारण तो बाजूला सरकत जातो. सकाळचं ऊन आणि नंतर सावली असं मिळालं तर उत्तम, दुपारच्या कडक उन्हात पानांच्या कडा करपतात. ऑगस्टपासून शेंड्याला हिरवं खवलेदार कणीस दिसायला लागतं आणि त्या खवल्यांमधून रोज थोडी थोडी फुलं बाहेर येतात, पांढरीशुभ्र, फुलपाखरासारखी. क्युबाचं राष्ट्रीय फूल हेच आहे आणि तिथे याला मारिपोसा म्हणजे फुलपाखरू म्हणतात, खरं तर मूळचा हा पूर्व हिमालयाच्या भागातला. एक फूल जेमतेम दिवसभर टिकतं पण कणीस बरेच दिवस चालतं. लक्षात ठेवायचं ते एवढंच की सोनटक्क्याचा एक दांडा आयुष्यात एकदाच फुलतो, त्यामुळे फुलून गेलेला दांडा जमिनीलगत कापायचा आणि न फुललेल्याला हात लावायचा नाही. वरून सगळं एका उंचीत कापलं की कणसंच जातात, हे मी दुसऱ्यांच्या बागेत इतक्या वेळा बघितलंय की आता न विचारता पण सांगते. ओढ्या-नाल्याच्या काठी मात्र लावू नका, तिथे तो आवरत नाही आणि बाकीच्या झाडांना जागाच ठेवत नाही.

निशिगंध, म्हणजे गुलछडी. याचं काम एप्रिल-मेमध्ये करावं लागतं, लावल्यापासून फुलाचा दांडा यायला साधारण तीन महिने किंवा थोडे जास्त जातात. कंद निवडताना कंजुषी नको, २ ते ३ सेंटीमीटर जाडीचा, हाताला टणक लागणारा घ्या, सुपारीपेक्षा बारके कंद पहिल्या वर्षी नुसती गवतासारखी पानं देतात. ५-६ सेंटीमीटर खोल, एका १२ इंची कुंडीत चार-पाच कंद, आणि जागा भर उन्हाची. मला एका नर्सरीत डबल निशिगंध जास्त वासाचा म्हणून दिला होता, दिसायला भरगच्च, सुंदर, पण वास बेताचाच. वासासाठी एकेरी पाकळ्यांचाच घ्या, तो दिसायला साधा पण संध्याकाळी गॅलरी भरून टाकतो. दांडा दोन-तीन फुटांचा होतो आणि वाऱ्याने आडवा पडतो, तेव्हा कळ्या यायच्या आधीच काठीचा आधार द्या. कळ्या खालून वर उमलत जातात, खालच्या दोन उमलल्या की दांडा कापून घरात पाण्यात ठेवलात तरी बाकीच्या उमलत राहतात आणि तोडल्यानंतरही वास येत राहतो. रोज पाणी बदला आणि देठाचं टोक जरासं कापा. या वर्षी कंद लावायचे राहून गेले असतील तर सप्टेंबरमध्ये कळ्या धरलेली कुंडीच विकत आणा, त्यात कमीपणा काही नाही.

रातराणीबद्दल मला दोन्ही बाजू सांगायच्यात. वाढवायला हिच्याइतकं सोपं काही नाही, पेन्सिलीच्या जाडीची सहा इंचांची काडी पावसाळ्यात खोचली की लागते. ही तो अपवाद. रातराणीला बहर लाटांसारखा येतो आणि एक लाट ओसरली की लगेच शेंडे छाटायचे, नव्या फुटीला पुढचा बहर येतो, म्हणून ऑगस्टमधला बहर संपला की छाटा, ऑक्टोबरात परत फुलायची चांगली शक्यता असते. दिवसा ती हिरवट-पांढरी बारीक फुलं मिटलेली असतात आणि वास जवळजवळ नसतोच, अंधार पडला की इतका सुटतो की काही लोकांचं डोकं दुखतं, हे अगदी खरं आहे. बेडरूमच्या खिडकीखाली लावू नका, १५-२० फूट तरी लांब लावा. दुसरं म्हणजे ही वांग्या-टोमॅटोच्या कुळातली असली तरी हिची छोटी पांढरी फळं विषारी असतात, घरात लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर फळं धरायच्या आधीच वाळलेले तुरे कापून टाका. आणि वासाने साप येतो हे काही खरं नाही, पण जमिनीलगत गच्च वाढलेल्या कुठल्याही झुडपात उंदीर, बेडूक आणि त्यांच्यामागे साप आसरा घेऊ शकतो, म्हणून खालच्या फूटभर फांद्या काढून बुंधा मोकळा ठेवा म्हणजे मनात भीती राहत नाही.

कुंतीसाठी एक युक्ती आहे जी मला फार आवडते. ही लिंबाच्या कुळातली. लिंबू-संत्र्याच्या बागेत बहार धरायला झाडाला ताण देतात ना, म्हणजे पाणी तोडतात, तेच हिला लागू पडतं. पाऊस थांबल्यावर चार-पाच दिवस पाणी देऊ नका, पानं जराशी मलूल व्हायला लागली की (पार सुकेपर्यंत थांबू नका, कुंडीत हे दोन-तीन दिवसांतच होतं) एकदम भरपूर, खालून निथळेपर्यंत पाणी द्या. पुढच्या काही आठवड्यांत अख्खं झाड पांढरं झालेलं बघायला मिळतं. बहर थोडेच दिवस टिकतो पण त्या दिवसांत दुसरं काही नको वाटतं.

जाईला ऑक्टोबरपर्यंत फुलं येत राहतात, तिची छाटणी जानेवारीत. मधुमालती कंपाऊंडवर किंवा गेटवर चढवा, तिचं फूल संध्याकाळी पांढरं उघडतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि तिसऱ्या दिवशी लाल होतं, पांढरं असताना रात्री लांब सोंडेचे पतंग त्यावर घिरट्या घालतात. शेवंती हा दुसरा अपवाद, तिचे शेंडे ऑगस्टच्या मध्यापर्यंत खुडायचे आणि मग थांबायचं. शेवंतीला कळ्या धरायला रात्र मोठी आणि खरोखरची अंधारी लागते, रात्रभर ट्यूबलाइट किंवा रस्त्यावरचा दिवा अंगावर पडत असेल तर ती नुसती वाढत राहते, तेव्हा कुंडी अंधाऱ्या बाजूला सरकवा. तिच्या फुलांपेक्षा चुरगळलेल्या पानांचा वास मला जास्त आवडतो.

सातवीण आणि बुच, म्हणजे आकाशमोगरा, यांचा वास याच दिवसांत येतो आणि लोकांना मोह होतो, पण घराच्या बागेत लावू नका. दोन्ही प्रचंड उंच होतात, बुचाचं लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडून खाली येतात, आणि सातविणीचा वास लांबून गोड असला तरी खिडकीजवळ सहन होत नाही.

जागेबद्दल अजून थोडं, कारण फुलं येऊनही वास येत नाही अशी तक्रार असते. उघड्या वाऱ्यावर, म्हणजे गच्चीच्या कठड्याला, वास टिकत नाही, लगेच उडून जातो. दोन भिंतींचा कोपरा, जिन्याखालची मोकळी जागा, दाराजवळचा आडोसा अशा ठिकाणी तो साठतो, आणि दिवसभर ऊन खाल्लेल्या भिंतीची ऊब संध्याकाळी वास सुटायला मदत करते. कुंड्या असतील तर सोपं आहे, कळ्या येईपर्यंत उन्हात ठेवा आणि फुलायला लागल्या की बसायच्या जागेजवळ आणा, फक्त रोज इकडून तिकडे करू नका, कळ्या गळतात. रातराणी आणि निशिगंध शेजारी शेजारी ठेवू नका, रातराणीपुढे निशिगंध कळतच नाही. आणि तिथे बराच वेळ बसल्यावर वास येईनासा झाला तर झाडाला काही झालेलं नाही, नाक सरावतं, आत जाऊन दहा मिनिटांनी परत या.

पाण्याकडे याच दिवसांत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. चार महिने पाणी घालायची सवय मोडलेली असते आणि ऑक्टोबरचं ऊन कुंडी एका दिवसात कोरडी करतं, नेमक्या कळ्या धरलेल्या असताना, आणि मग त्या पिवळ्या पडून गळतात. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तर सकाळी लवकर पाणी द्या. कुंतीचा ताण संपला की तिलाही हेच. फुलांवर पाण्याचा फवारा मारू नका, निशिगंधाच्या आणि जाईच्या पाकळ्यांवर लगेच डाग पडतात, पाणी बुंध्याशीच घाला. कोवळ्या शेंड्यांवर मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर निंबोळी तेल ५ मिली एक लिटर पाण्यात, दोन थेंब लिक्विड सोप घालून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर मारा, पण उमललेली फुलं सोडून, कारण तो वास दोन दिवस जात नाही आणि पारिजातकाच्या जागी नुसता कडुनिंब दरवळतो.