बायोसचं काम शिकताय? आधी चिप वाचायला शिका

मदरबोर्ड रिपेअरिंगमध्ये नवीन आलेली पोरं पहिलं हेच विचारतात की बायोस प्रोग्रामिंग, म्हणजे मशीन चालू होताना पहिलं चालणारं सॉफ्टवेअर चिपमध्ये लिहिणं, शिकायला किती वेळ लागतो. चिप राइट करणं पटकन जमतं हो, पण आत काय लिहिलंय ते समजायला वेळ द्या, खरं काम तिथंच आहे.

बोर्डावरचा सेल काढला की बायोस रिसेट होतो असं सगळे म्हणतात, पण फर्मवेअर, म्हणजे बायोसचं हे सॉफ्टवेअर, सेलवर नसतंच. ते असतं एसपीआय फ्लॅश चिपमध्ये, शक्यतो आठ पायांची असते, आणि करंट गेला तरी तिच्यातला डेटा जात नाही. सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल फक्त घड्याळ आणि सीमॉसची, म्हणजे सेटिंग्ज ठेवायची, इवलीशी मेमरी सांभाळतो. आता यूईएफआय (नवीन प्रकारचं बायोस) बोर्डांत बूट ऑर्डरसारख्या सेटिंग्ज त्याच फ्लॅश चिपच्या एनव्हीरॅम (सेटिंग्ज साठवायच्या) भागात असतात, म्हणून कितीतरी लॅपटॉपमध्ये सेल काढून ठेवला तरी पासवर्ड जागचा हलत नाही.

चिपवर २५क्यू६४, २५क्यू१२८ असं काहीतरी दिसेल. शेवटचा आकडा मेगाबिटचा, म्हणजे १२८ वाली चिप १६ एमबीची आणि वाचलेली फाइलही बरोबर तेवढीच हवी. इंटेलच्या बोर्डावर त्यात डिस्क्रिप्टर (चिपमधल्या भागांचा नकाशा) आणि एमई (इंटेलचं वेगळं फर्मवेअर) पण असतं, त्यामुळे कंपनीच्या साइटवरची अपडेट फाइल उचलून सरळ चिपमध्ये टाकू नका, बऱ्याचदा ती पूर्ण चिपची नसतेच.

व्होल्टेजकडे तर डोळ्यात तेल घालून बघा. काही चिप ३.३ च्या, काही १.८ च्या, आणि सीएच३४१ए चा तो स्वस्तातला काळा प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं यंत्र) डेटा लाइनवर ५ व्होल्ट देतो. आधी डेटाशीट (चिपच्या कंपनीचं माहितीपत्रक), मग क्लिप (चिपच्या पायांना लावायचा चिमटा).

मी चिप दोनदा वाचतो आणि फाइल्स कंपेअर करतो. जुळल्या नाहीत तर क्लिप नीट बसलेली नाही समजा आणि राइटला हातच लावू नका. ओरिजिनल डंप (चिपमधून वाचलेली फाइल) कधीच डिलीट करायचा नाही, त्यात सिरियल नंबर असतो, विंडोजची की असू शकते, आणि दुसऱ्या बोर्डाचा डंप टाकून मशीन चालू झालं तरी गिऱ्हाइकाचं हे सगळं गेलेलं असतं, मला हे अजिबात पटत नाही.

सरावाला भंगारातले बोर्ड घ्या, यूईएफआयटूल फुकट मिळतं, त्यात आपलाच डंप उघडून कुठला भाग कुठून सुरू होतो ते शोधत बसा.