टेबल विंडोत नसताना त्याला कामाला लावू नका

आयफोनच्या अ‍ॅपमध्ये ओळींची यादी दाखवणाऱ्या घटकाला टेबल (यूआयटेबलव्ह्यू) म्हणतात आणि त्यातल्या एकेका ओळीला सेल. आयओएस १३ पासून एक्सकोड या अ‍ॅप बनवायच्या साधनाच्या कन्सोलमध्ये ‘वॉर्निंग वन्स ओन्ली’ अशा शब्दांनी सुरू होणारी एक लांबलचक वॉर्निंग दिसते. टेबल व्ह्यू हायरार्कीत नाही, म्हणजे पडद्यावरच्या विंडोला जोडलेलं नाही, तरी त्याला सेल मांडायला लावलं गेलं, असा तिचा मतलब. अ‍ॅप कोसळत नाही, म्हणून बरेच जण ती सोडून देतात. माझ्याकडे कोड तपासायला आला की मी मात्र आधी हीच काढायला लावते. विंडोत नसलेल्या टेबलाला स्वतःची खरी रुंदी, सेफ एरिया (खाच आणि कडा सोडून उरलेली जागा), अक्षरांचा आकार यातलं काहीच खात्रीने माहीत नसतं. त्या अवस्थेत काढलेली सेलची उंची चुकू शकते, मग पडदा उघडल्यावर ओळी उड्या मारतात आणि तीच मांडणी पुन्हा करावी लागते.

अंदाजाने कोड हलवत बसू नका. ब्रेकपॉइंट नॅव्हिगेटर उघडा, खालच्या अधिक चिन्हातून सिम्बॉलिक ब्रेकपॉइंट (ठरावीक नावाच्या फंक्शनपाशी अ‍ॅप थांबवणारी खूण) निवडा आणि सिम्बॉलच्या रकान्यात वॉर्निंगमध्येच दिलेलं फंक्शनचं लांब नाव जसंच्या तसं चिकटवा. अ‍ॅप पुन्हा चालवलं की ते नेमकं त्या जागी थांबेल. डावीकडच्या स्टॅकमध्ये, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं त्या यादीत, वरून खाली येताना तुमच्या स्वतःच्या कोडची जी पहिली ओळ भेटेल, तिथे बहुधा दोषी सापडतो. वॉर्निंग एका रनमध्ये एकदाच छापली जाते, त्यामुळे एक जागा दुरुस्त केल्यावर पुन्हा चालवून बघाच. मागे दुसरी दडलेली असू शकते.

सगळ्यात जास्त वेळा सापडतं ते व्ह्यूडिडलोडमध्ये (पडद्याचा व्ह्यू तयार झाला, पण दिसलेला नाही, तेव्हा चालणारी मेथड) टेबलावर मारलेलं लेआउटइफनीडेड, म्हणजे ‘आत्ताच मांडणी कर’ हा हुकूम. बहुतेकदा ते हेडरची उंची काढण्यासाठी असतं. त्यासाठी अख्खं टेबल मांडायची गरज नाही. मांडणी झाल्यावर चालणाऱ्या व्ह्यूडिडलेआउटसबव्ह्यूजमध्ये फक्त हेडरला सिस्टमलेआउटसाइझफिटिंगने त्याचा आकार विचारा, आलेली उंची आधीच्या उंचीपेक्षा वेगळी असेल तरच फ्रेम बदला आणि हेडर टेबलाला पुन्हा नेमून द्या. ‘वेगळी असेल तरच’ ही अट विसरलात तर मांडणीचं चक्र थांबणारच नाही. एखाद्या ओळीपर्यंत स्क्रोल करायचं असेल, तर तेही व्ह्यूडिडलोडमधून काढा. पडदा दिसण्याआधीचं व्ह्यूविलअपीअरसुद्धा गरजेपेक्षा लवकर होतं, तेव्हा व्ह्यू अजून विंडोला जोडलेला नसतो. योग्य जागा व्ह्यूइजअपीअरिंग. एक्सकोड १५ सोबत आलेली ही मेथड आयओएस १३ पर्यंत मागे चालते, आणि तोवर आकार व ट्रेट्स (अक्षरांचा आकार वगैरे गुणधर्म) खरे झालेले असतात.

दुसरा प्रकार जास्त चिवट. दोन टॅबचं अ‍ॅप घ्या: एकात संदेशांची यादी, दुसऱ्यात सेटिंग्ज. वापरणारा सेटिंग्जमध्ये असताना नवा संदेश येतो आणि मागच्या टॅबमधला कोड परफॉर्मबॅचअपडेट्स, म्हणजे ओळींचे बदल अ‍ॅनिमेशनसह करणारी मेथड, चालवतो. टेबल लोड झालेलं आहे, पण विंडोत नाही. नॅव्हिगेशनमध्ये वर दुसरा पडदा पुश झाला (पुढचा पडदा उघडला) तरी हेच होतं. (वर अर्धवट झाकणारी शीट उघडली तर मात्र मागचा व्ह्यू विंडोतच राहतो.) म्हणून व्ह्यू लोड झाला का हे सांगणारं इझव्ह्यूलोडेड तपासून भागत नाही, टेबलाची विंडो निल (रिकामी) आहे का ते तपासा. असेल तर अ‍ॅनिमेशन नको, डेटा बदला आणि साधं रीलोडडेटा करा. ते मांडणी पुढच्या वेळेवर ढकलतं, आणि न दिसणाऱ्या पडद्यावरचं अ‍ॅनिमेशन कोण बघणार आहे?

डिफेबल डेटा सोर्समध्ये (जुन्या-नव्या यादीतला फरक स्वतः काढून टेबल बदलणारा घटक) एक खाच आहे. आयओएस १५ च्या आधी अ‍ॅनिमेटिंगडिफरन्सेस फॉल्स (अ‍ॅनिमेशन नको) दिलं की आतून रीलोडडेटाच होत असे. आता फरक काढला जातो, फक्त अ‍ॅनिमेशन होत नाही. विंडो नसताना अप्लायस्नॅपशॉटयूझिंगरीलोडडेटा वापरा. कोअर डेटा या साठवणीतले बदल टेबलाला कळवणाऱ्या फेच्ड रिझल्ट्स कंट्रोलरसाठी मला आवडणारी पद्धत अशी: पडदा गेला की डेलिगेट (बदल ऐकणारा) निल करायचा, परत येताना डेलिगेट लावून पुन्हा फेच आणि रीलोडडेटा.

टेबलाकडून सेल मागणाऱ्या व्हिजिबलसेल्स किंवा सेलफॉररो यांच्याकडेही लक्ष द्या. ‘नुसतं वाचतोय’ असं वाटतं, पण दिसणारे सेल मागितले की टेबल ते आधी मांडू शकतं. ओळीवरचा बॅज बदलायला सेल शोधू नका, मॉडेल (मूळ डेटा) बदला.

अलर्ट दाखवताना येणारी ‘व्ह्यू विंडो हायरार्कीत नाही’ ही वॉर्निंग वेगळी. तिथे तो अलर्ट दिसतच नाही. पडदा दिसल्यावर चालणाऱ्या व्ह्यूडिडअपीअरमधून प्रेझेंट करा, आणि आधीच दुसरं काही उघडलेलं नाही ना, ते बघा.

एक उपाय मी कधीच मंजूर करत नाही: अर्ध्या सेकंदाचं असिंकआफ्टर, म्हणजे तेवढा वेळ थांबून मग काम करणं. वेगवान फोनवर वॉर्निंग गायब होते आणि संथ फोनवर परत येते, कारण टेबल विंडोत आलं का, हा प्रश्न त्या कोडने विचारलेलाच नसतो.