घरचं डीडीएनएस बाहेरून चालत नाही? आधी वॅन आयपी बघा

राउटरवर डीडीएनएस (घरचा बदलता आयपी पत्ता एका कायमच्या नावाला जोडणारी सेवा) चालू दाखवतंय, पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली मागणी घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणं) करून झालंय आणि तरी बाहेरून घरचा कॅमेरा किंवा फोटोंचा सर्व्हर उघडत नाही, असा फोन मला दर महिन्याला कुणाचा ना कुणाचा येतोच, आणि जरा विचारलं की कळतं, यांनी आधीच तीन व्हिडिओ बघून डीएमझेड (एका उपकरणाचे सगळे पोर्ट बाहेरच्यांना उघडे करणं) चालू केलंय, फायरवॉल बंद केलीय, राउटर दोनदा रीसेट मारलाय. कृपा करून यातलं काहीही करू नका. तपासायचा क्रम बरोबर असला तर दोष बहुतेक वेळा अर्ध्या तासात सापडतो. राउटरचं लॉगिन तुमच्याकडे आहे असं धरून चालतो.

सुरुवातीला घरच्याच वायफायवरून डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) किंवा सर्व्हर त्याच्या आतल्या आयपीवर उघडतोय ना ते बघा, आणि राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून तो आयपी कायमचा बांधून टाका. झालं.

आता खरी गोष्ट. डीडीएनएसचं पेज उघडायच्याही आधी राउटरच्या स्टेटस पेजवर जा आणि वॅन आयपी किंवा इंटरनेट आयपी असं जे लिहिलेलं असतं (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) तो आकडा कागदावर उतरवून घ्या. मग त्याच वायफायवरून, व्हीपीएन असेल तर बंद करून, ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधा आणि तो आकडाही शेजारी लिहा (लांबलचक आयपीव्ही६ दाखवलं तर ते सोडा, चार भागांतला आयपीव्ही४ घ्या). दोन्ही आकडे तंतोतंत सारखे असतील तर पुढे जा. नसतील तर तिथंच थांबा, कारण आयपीव्ही४वर यापुढे राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत पोचणारच नाही.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुतेक अडथळा तुमच्याच घरात आहे. इंटरनेट कंपनीचा फायबरचा डबा स्वतः राउटर म्हणून चालतोय आणि त्याच्यामागे तुमचा दुसरा राउटर, म्हणजे डबल नॅट (नॅट म्हणजे एका पत्त्यामागे अनेक उपकरणं चालवणं, ते इथे दोनदा होतंय). पण आकडा १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा असेल तर तुम्ही सीजीनॅटमध्ये आहात, म्हणजे तेच नॅट कंपनी स्वतःच्या पातळीवर करतेय. आयपीव्ही४चे मोकळे पत्ते जागतिक साठ्यातून २०११ मध्येच वाटून संपले, आणि २०१२ मध्ये हा १००.६४ वाला पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला गेला, की एका खऱ्या पत्त्यामागे कंपनीला अनेक ग्राहक बसवता यावेत. काही कंपन्या त्यासाठी १० ने सुरू होणारे आकडेही वापरतात. जुन्या वाड्याला एकच दिंडी दरवाजा असावा आणि आत पन्नास बिऱ्हाडं, तसं हे. आतून बाहेर जाणाऱ्याला अडचण नाही, पण बाहेरून आलेल्याला नेमकं कुठलं बिऱ्हाड ते दिंडीपाशी सांगणारं कुणी नाही.

यात मी दोन महिने घालवलेत म्हणून एवढं ठासून सांगतोय. कराडजवळ आमच्या घरी बाबा एकटे असतात, मी पुण्यात, रात्री एकदा कॅमेऱ्यात अंगण बघितलं की मला झोप लागते एवढाच माझा हेतू. राउटर बदलला, डीडीएनएसची सेवा बदलली, दर रविवारी गाडी काढून गावी गेलो. कस्टमर केअरला विचारलं की ते म्हणायचे 'सर आमच्याकडून पोर्ट ओपन आहे', आणि मी विश्वास ठेवायचो. मला फसवलं ते मात्र डीडीएनएसच्या त्या 'सक्सेस'ने. नाव तपासलं की खरा पब्लिक आयपी यायचा, मग मला वाटायचं इथवर सगळं ठीक आहे. होतं काय, की अनेक डीडीएनएस सेवा राउटरने सांगितलेला आकडा न घेता विनंती ज्या पत्त्यावरून आली तो पत्ता नोंदवतात, आणि सीजीनॅटमध्ये तो कंपनीच्या दिंडी दरवाजाचा असतो. नाव बरोबर, आयपी खरा, फक्त तो तुमच्या एकट्याचा नाही. एका रविवारी स्टेटस पेजवर १००.७२ ने सुरू होणारा वॅन आयपी दिसला तेव्हा कुठे उलगडा झाला, आणि ते पेज मी पहिल्याच दिवशी उघडायला हवं होतं.

उपाय काय. डबल नॅट असेल तर कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाका (मग तो राउटरचं काम सोडून नेट फक्त पुढे देतो) आणि पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने नेट जोडायची पद्धत) तुमच्या राउटरमधून डायल करा, पण त्याआधी युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी कंपनीकडून लिहून घ्या, नाहीतर नेटही जाईल आणि ते परत आणायला नेटच नसेल. डब्याला लँडलाइन फोन जोडलेला असेल तर ब्रिज केल्यावर तो बंद पडू शकतो, तेही आधीच विचारा. ब्रिज जमत नसेल तर दोन्ही डब्यांत पोर्ट फॉरवर्ड करा, डब्यातून तुमच्या राउटरकडे आणि राउटरमधून डीव्हीआरकडे.

सीजीनॅट असेल तर कंपनीशी बोलताना 'पोर्ट उघडा' असं म्हणू नका, त्याला काही अर्थ नाही. 'मला सीजीनॅटमधून काढा, पब्लिक आयपी द्या' असं स्पष्ट सांगा. कुणी मागितल्यावर देतं, कुणी स्टॅटिक आयपीचे वेगळे पैसे लावतं, कुणी नाहीच म्हणतं. आयपीव्ही६ मिळत असेल तर तोही रस्ता आहे, फक्त तिथे प्रत्येक उपकरणाचा पत्ता वेगळा असतो, म्हणून डीडीएनएस अपडेट करणारा प्रोग्रॅम सर्व्हरवरच चालवायचा आणि राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये तेवढ्या एका पत्त्याला वाट द्यायची. शिवाय ऑफिसच्या नेटवर आयपीव्ही६ नसेल तर तिथून ते उघडणार नाही.

आणि कंपनी नाहीच म्हणाली तर भांडत बसू नका, टेलस्केल (आपली उपकरणं एका खाजगी जाळ्यात जोडणारी व्हीपीएन सेवा) वापरा. घरात कायम चालू राहणारा एक छोटा रास्पबेरी पाय (तळहातावर मावणारा संगणक) किंवा जुना लॅपटॉप ठेवायचा, त्यावर टेलस्केल सबनेट राउटर म्हणून (म्हणजे घरातल्या बाकी उपकरणांपर्यंतही वाट देणारं) बसवायचं, आणि फोनवर त्याचंच ॲप. कनेक्शन आतून बाहेर काढलं जातं त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही, आणि डीडीएनएस लागतही नाही. बाबांकडे आता हेच आहे. एकच काळजी घ्या, दोन्ही घरांत १९२.१६८.१ हाच पट्टा असेल तर फोन गोंधळतो, म्हणून एका घरचा बदलून १९२.१६८.५७ असा काहीतरी वेगळा करा. हे मी आधी केलं नव्हतं आणि एक अख्खी संध्याकाळ गेली.

वॅन आयपी जुळला असेल तर बाकीचं सोपं आहे. डीडीएनएससाठी डकडीएनएस किंवा नो-आयपी, दोन्ही चालतात, फक्त नो-आयपीचं फुकटचं नाव दर ३० दिवसांनी ईमेलवरून कन्फर्म करावं लागतं. खूप जणांचं 'अचानक बंद पडलं' ते एवढ्यामुळेच असतं. बाहेरचा पोर्ट ८० किंवा ४४३ ठेवू नका, घरगुती कनेक्शनवर ते पुष्कळदा बंद असतात, वीस-तीस हजारांतला कुठलाही आकडा घ्या.

एवढं करून घरात उघडतंय आणि बाहेरून नाही, असं असेल तर डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेटवे (घराबाहेर जायची वाट, म्हणजे राउटरचा आतला आयपी) बघा. बसवणारा माणूस हाताने आयपी टाकतो आणि गेटवे रिकामा किंवा जुन्या राउटरचा ठेवून निघून जातो. घरातल्या घरात गेटवे लागत नाही म्हणून सगळं नीट दिसतं, पण बाहेरून आलेल्या मागणीला डीव्हीआरचं उत्तर घराबाहेर पडतच नाही. हे मी किमान चार घरांत बघितलंय.

चाचणी नेहमी फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर घ्या. घरच्या वायफायवर बसून बाहेरचं नाव टाकलं तर राउटरला नॅट लूपबॅक (आतून निघालेली मागणी बाहेरच्या पत्त्याने परत आत वळवणं) येत नसल्यास ते उघडत नाही, आणि लोक चांगलं चाललेलं सेटिंग पुन्हा उचकटायला घेतात.

आणि हे तर ऐकाच. पब्लिक आयपी मिळाला म्हणून डीव्हीआरचा पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडा ठेवू नका, डीएमझेड तर नाहीच नाही. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने फॅक्टरीचे पासवर्ड न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला झाला, जी कंपनी मुळात डायनॅमिक डीएनएससाठीच नावाजलेली होती. ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येकांना उघडेनात. म्हणून राउटरमध्ये किंवा पायवर वायरगार्ड (स्वतःचं व्हीपीएन चालवायचा प्रोग्रॅम) लावा, बाहेरून फक्त त्याचा एक यूडीपी पोर्ट फॉरवर्ड करा, सहसा ५१८२०, आणि कॅमेरा व्हीपीएनमधूनच बघा. घरातली माणसं त्या कॅमेऱ्यात दिसतात, तिथे आळस नको. यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद. पासवर्ड बदला, आजच.

शेवटची चाचणी वीज गेल्यावरची, कारण आपल्याकडे ती जातेच. राउटर दहा मिनिटं बंद ठेवा, चालू करा, आणि वॅन आयपी पुन्हा कागदावर लिहा. बदलला असेल तर पाच-दहा मिनिटं थांबून मोबाइल डेटावरून डीडीएनएसचं नाव नव्या आकड्याकडे जातंय का तपासा. जात नसेल तर राउटरमधला अपडेटर भरवशाचा नाही, तो बंद करून तेच काम पायवर दर पाच मिनिटांनी चालणाऱ्या क्रॉनला (ठरल्या वेळी काम आपोआप करणाऱ्या सोयीला) द्या. आकडा बदललाच नाही तर चाचणी झाली असं समजू नका, रात्रभर बंद ठेवून सकाळी परत बघा.