पेज, बोंडलं आणि पावडरचे डबे : विशेष मुलांना भरवताना या चुका टाळा

शिबिरात आई समोर बसली की पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, वजन वाढत नाही, कुठली पावडर देऊ?" मूल कसं बसून जेवतं, किती वेळ लागतो, मध्ये ठसका लागतो का, हे आपणहून कुणी सांगत नाही. विचारलं तर "खातो की बरा" एवढंच. मग मी म्हणते, पावडरचा डबा पिशवीत ठेवा आणि माझ्यासमोर चार घास भरवून दाखवा.

त्या चार घासांत जे दिसतं त्यात माझं सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते आडवं घालून भरवण्यावर. सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसलेलं मूल, मान धरत नाही, हातपाय ताठ. घरातली बाई पाय पसरून बसते, पोराला मांड्यांवर उताणं घेते, मान मागे कलंडते आणि बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्याने, पेज घशात सोडली जाते. पोर गटागट पितंय म्हणून सगळे खूश. पण मान मागे गेली की श्वासनलिका नीट झाकली जात नाही आणि पातळ पेज सरळ फुप्फुसाकडे उतरू शकते. आपल्याला अशा वेळी ठसका लागतो. या मुलांपैकी काहींना तोही लागत नाही, म्हणून कळतही नाही.

मालवण तालुक्यातल्या एका वाडीत असाच सहा वर्षांचा मुलगा होता. दर पावसाळ्यात छाती भरायची. ताप, अँटिबायोटिक, घर, पुन्हा ताप. सगळे हवेला दोष देत होते, आणि आपल्याकडे आषाढात भिंतींना बुरशी धरते त्यामुळे ते पटायचंही. दवाखान्यांची फाइल जाडजूड झालेली, पण मुलाला भरवता कसं हे त्यात कुठेच नव्हतं. मी गेले तेव्हा आजी भरवत होती. हात इतका सराईत की बघता बघता वाटी रिकामी. नंतर पोराचा आवाज ओलसर झालेला, गळ्यात घरघर, डोळ्यांत पाणी. म्हटलं, आजी, याला बसवून भरवूया. "गो बाय, पाच पोरां अशीच वाढवलंय मी, एकाकय काय झाला नाय." खरं होतं. त्या पाचांची मान धड होती.

खुर्ची नव्हती, म्हणून भिंतीचा कोपरा घेतला. पाठ कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना गोधडीच्या वळकट्या, गुडघ्यांखाली एक, पावलं टेकायला पाट. हनुवटी किंचित खाली. भरवणारीने समोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं, कारण चमचा वरून आला की मूल वर बघतं आणि मान पुन्हा मागे. चमचा लहान, चपटा आणि अर्धाच भरलेला. तो जिभेवर टेकवायचा आणि ओठ मिटायची वाट बघायची. तोंड रिकामं झाल्याशिवाय दुसरा घास नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. आजी दोन दिवस फुगली होती, कारण तीच वाटी आता पंचवीस मिनिटं पुरायची. पण घरघर कमी झाली ती तिलाच आधी ऐकू आली, आणि बोंडलं तिनेच फळीवर टाकलं.

पेज किती दाट करायची हे मात्र स्पीच थेरपिस्टने मुलाचं गिळणं बघून ठरवायचं. व्हिडिओ बघून पीठ कालवत बसू नका. आणि रोजचं जेवण अर्ध्या तासाच्या पुढे जात असेल, किंवा खाताना मूल निळसर पडत असेल, तर तपासणीला न्याच. काही मुलांना नळीने अन्न द्यावं लागतं. "नळी घातली म्हणजे आई हरली" असं घरात कुणी म्हणालं तर त्यांना माझ्याकडे पाठवा.

पेजेबद्दल आणखी एक. उकड्या तांदळाची पेज मलाही आवडते, पण शितं खाली ठेवून वरचं पाणी पाजलं तर त्यात वजन वाढण्यासारखं काय आहे? मऊ भात घोटा, त्यात मुगाचं वरण आणि चमचाभर तूप किंवा खोबरेल घाला. एका लहान चमच्यात ४५ कॅलरी असतात आणि घासाचा आकार तेवढाच राहतो. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात जेमतेम १०. तरी घराघरांत आंबील बंद आणि चॉकलेटी पावडर सुरू. २०२४ साली केंद्र सरकारनेच ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितली, यावर वेगळं काय बोलू!

पण हा तुपाचा सल्ला सरसकट उचलू नका. डाउन सिंड्रोमच्या मुलांना कॅलरी कमी लागतात, वजन पटकन वाढतं आणि थायरॉइड बिघडण्याचं प्रमाण जास्त असतं. तिथे दर वर्षी थायरॉइडची तपासणी आणि बेताचं ताट. शेजारणीच्या मुलाचा तक्ता तुमच्या मुलाला चालत नाही.

दुसरी माझी लाडकी चूक म्हणजे लपवून भरवणं. ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्न मुलांच्या आया यात पटाईत असतात. भातात शेवग्याचा पाला वाटून घाल, घावनात बीट किसून घाल. या मुलांची जीभ, नाक आणि डोळे आपल्याहून तिखट असू शकतात. हिरवा ठिपका दिसला की तो घास तर जातोच, पण त्या दिवसापासून भातही बंद होतो. खाण्यातल्या चार गोष्टींच्या तीन उरतात.

हर्णैकडच्या एका घरात मुलगा फक्त पांढरा भात आणि रव्यात तळलेला बांगडा खायचा. १ जूनला मासेमारी बंद झाली. ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, ताजा बांगडा मिळणं मुश्किल. आईने सुका बांगडा भाजून, बारीक करून भातात मिसळला. त्याने ताट ढकललं आणि मग साध्या भातालाही हात लावेना. ती बिचारी जूनमध्ये धावत आली. मी म्हटलं, यायचं होतं शिमग्यानंतर.

बंदी दर वर्षी ठरलेल्या तारखेला येते, तेव्हा तयारी एप्रिलमध्येच करा. विश्वासातल्या पदार्थाला हात लावायचा नाही. तोच तवा, तोच मसाला, तोच रवा, आणि आतला जिन्नस बदलायचा. आधी सुरमईची पातळ तुकडी, मग नीरफणसाचे काप, मग उकडलेल्या अंड्याची चकती. नवीन तुकडा शेजारच्या वाटीत. त्याने नुसता हुंगला तरी चालेल, बोटाने ढकलला तरी चालेल. दहा-पंधरा वेळा समोर आल्याशिवाय "याला आवडत नाही" म्हणायचं नाही. इथे घाई करणारे पालक तिसऱ्या दिवशी मला फोन करतात. मी उचलत नाही.

ग्लूटेन हे गव्हातलं प्रथिन, तांदळात ते नसतं. ग्लूटेनमुक्त आहाराने ऑटिझम सुधारतो याला भक्कम पुरावा नाही. तरी मुंबईहून ग्लूटेनमुक्त बिस्किटं मागवतात, आणि घरात रोज तांदळाची भाकरी, आंबोळी नि भात! जोडीला दूधही बंद करतात, तिथे खरं नुकसान होतं. सिलिअॅकची, म्हणजे ग्लूटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची शंका असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर तपासणीत काही दिसत नाही.

जेवत नाही म्हणून तक्रार असेल तर आधी पोट साफ होतं का बघा. दिवसभर बसून असलेल्या मुलांत बद्धकोष्ठ फार. पण गिळायला त्रास असलेल्या मुलाचं नाक दाबून एरंडेल पाजू नका, तेल फुप्फुसात गेलं तर निस्तरणं कठीण असतं. शाळेत शू लागेल म्हणून पाणी तोडणं तर बंदच करा.

एडीएचडीच्या, म्हणजे अतिचंचलतेच्या काही गोळ्यांनी भूक मरते, म्हणून नाश्ता गोळीच्या आधी. फिटच्या काही औषधांनी ड जीवनसत्त्व घटतं, पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारा. आणि घरात खोबरेल आहे म्हणून फिटसाठी किटो आहार, म्हणजे भात-भाकरी जवळजवळ बंद करून तेल-तुपावर भर देणारा आहार, आपापला सुरू करणाऱ्यांना हात जोडते. तो रुग्णालयाच्या देखरेखीखालीच करायचा असतो.

उभं राहता येत नाही म्हणून वर्षानुवर्षं वजनच न केलेली मुलं मी बघते. आईने मुलाला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटीने, आणि वजाबाकी करायची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांची तपासणी करणारं सरकारी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येतं. त्या दिवशी मुलाला "कशाला त्रास" म्हणून घरी ठेवू नका. शिबिरात येताना त्याचा रोजचा चमचा आणि वाटी आणा. डबा आणला नाही तरी चालेल.