गाडी चढावर पळते म्हणता? मग नळी लावून बघा

लडाखहून आलेला माणूस मला हमखास एक व्हिडिओ दाखवतो. लेहपासून साधारण ३० किलोमीटरवरची मॅग्नेटिक हिल, गाडी न्यूट्रलला, आणि ती चढावर आपोआप निघालेली. बीड-परभणीकडच्या रस्त्याच्या कामांवर डम्पी लेव्हल, म्हणजे जमिनीचा चढ-उतार मोजायची दुर्बीण, लावण्यात माझी उमर गेली. मी फक्त विचारतो, लेव्हल घेतली का? कुणीच घेतलेली नसते.

डोंगरात चुंबक आहे म्हणावं, तर अशा जागी रबरी चेंडू आणि सांडलेलं पाणीही गाडीच्याच दिशेनं जातं. पाण्याला कुठलं चुंबक ओढणार? तिथं उतारच असतो, आपल्याला तो चढ दिसतो.

असं का दिसतं, ते आपल्याकडंही बघायला मिळतं. पैठणहून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. एवढ्या मोठ्या कालव्याला उतार अगदी बेताचा देतात, किलोमीटरमागं वीतभरसुद्धा. शेजारचं रान झपाट्यानं उतरत असलं की पाणी वर चाललंय असं वाटायला लागतं. घाट उतरून थोड्या उताराला लागलो की तोही चढ भासतो. धारूरच्या घाटातून येणाऱ्या ड्रायव्हरला विचारा. त्यात डोंगरानं क्षितिज झाकलं तर आडवी रेघ कुठली, ते डोळ्याला कळतच नाही. इटलीतल्या पादोवा विद्यापीठातल्या पाओला ब्रेसान आणि सहकाऱ्यांनी टेबलावर छोटे रस्ते मांडून हाच भास उभा केला आणि २००३ साली तो छापला.

आता तपासणी. गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या, १२ मीटर तरी हवी. पाण्यात चिमूटभर नीळ टाका, म्हणजे पातळी ठळक दिसते. पाणी हळूहळू भरा आणि सगळी नळी उजेडात धरून बुडबुडा शोधा. निम्म्या चुका बुडबुड्याच्या असतात. रस्त्यावर १० मीटरच्या अंतरानं दोन काठ्या उभ्या धरा आणि नळीची टोकं त्यांना बांधा. नळी हलवताना दोन्ही तोंडं अंगठ्यानं दाबा, माप घेताना मोकळी सोडा. पाणी ठरलं की दोन्हीकडं जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजा. जिथं माप जास्त, ती जमीन खाली. समजा एकीकडं ९२ सेंटीमीटर आणि दुसरीकडं १०७ भरले, तर १० मीटरात १५ सेंटीमीटर उतार झाला, म्हणजे शंभराला दीड. टायरात हवा नीट असली तर एवढ्यावर गाडी निघते. खात्री नसेल तर काठ्यांची अदलाबदल करून पुन्हा मोजा. मोबाईलमधल्या लेव्हलवर मात्र जाऊ नका. डांबराच्या एका खड्ड्यानंही तिचा आकडा बदलतो.

मग ओळंबा काढा. दोरी हातात लोंबकळती धरून मागचं झाड, कुंपण, विजेचा खांब तिच्याशी ताडून बघा आणि दोरीसकट फोटो घ्या. ज्यांच्या भरवशावर तुम्ही चढ ठरवला, त्यातलं काहीतरी कललेलं निघण्याची शक्यता मोठी.

स्कॉटलंडमध्ये एअरशरला इलेक्ट्रिक ब्रे म्हणून असाच रस्ता आहे. गाड्यांना वीज ओढते असं लोक मानायचे, नावही त्यावरूनच पडलं. तिथं आता दगडावर लेव्हलच कोरून ठेवली आहे: समुद्रसपाटीपासून एक टोक २८६ फूट, दुसरं ३०३, उतार ८६ ला १. हे काम मला लई आवडलं. अमेरिकेत सॅन अँटोनिओच्या एका रेल्वे फाटकाजवळ मेलेल्या लेकरांची भुतं गाडी ढकलतात म्हणे, बंपरवर पावडर टाकली की बोटांचे ठसेही उमटतात. उमटणारच, आधी लागलेल्या तेलकट हातांचे. आपल्याकडं असा रस्ता सापडला असता तर मुंजाला नाहीतर चकव्याला कधीच जागा मिळाली असती.

गाडीनं करून बघायचंच असेल तर वर्दळीचा रस्ता टाळा; लडाखचा तो तर राष्ट्रीय महामार्ग आहे. इंजिन चालूच ठेवा. बंद केलं तर ब्रेक जड होतो, आणि किल्ली काढली तर स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. पाय ब्रेकवर असू द्या, दोन्ही बाजूंना एकेक माणूस लाल फडकं घेऊन उभा करा, आणि नळीचं माप गाडी सोडायच्या आधीच घेऊन ठेवा.